अस्तराचा रंग

कारखान्यात तिला सगळे पायबघी म्हणत. तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं आणि राग येणार नाही इतपत प्रेमानं. नाव उगाच पडलं नव्हतं. कोणी समोर आलं की तिची नजर आधी खाली जायची. टाच आत वळते की बाहेर, अंगठ्याजवळचं हाड वाढलंय का, भार कुठल्या पायावर जास्त पडतो, एवढं पाहून झालं की मग ती मान वर करून “हं, बोला” म्हणायची. ओळखीच्या माणसानं नवे बूट घातले तर ती रस्त्यात ओळख देत नाही, अशी तिची ख्याती होती. नवरा चारचौघांत सांगायचा, “आमचं ठरलं तेव्हा हिनं माझं तोंड पाहिलंच नाही. पंजा रुंद आहे, चाल सरळ आहे, चालेल म्हणाली.”

जगाचे पाय पाहणाऱ्या या बाईनं एक पाय तेवढा पाहिला नाही, आणि तो तिच्याच घरात होता. त्या पायाचा अंगठा राहतो की जातो अशी वेळ आली, तेव्हा कुठं तिनं तो हातात घेतला.

कारखाना फार मोठा नव्हता. गल्लीच्या टोकाला एक लांबट शेड. खाली कापणी, शिलाई आणि चिकटवण्याची टेबलं, आणि लाकडी जिना चढून गेलं की माडीवर तिची जागा. भिंतीला फळ्या, आणि फळ्यांवर ओळीनं लाकडी साचे, म्हणजे माणूस नसलेले नुसते पाय. तिथं बसून ती घरात घालायच्या सपातांचे आराखडे काढायची. बाहेरच्या बुटाचं काम सोपं, असं तिचं म्हणणं होतं. बुटाला रस्ता ठाऊक असतो. घरातली सपात बिचारी कधी गालिच्यावर चालते, कधी ओल्या फरशीवर, कधी झोपेतून उठलेल्या पायात उलटी घातली जाते, आणि पडलं माणूस की दोष तिचाच.

एकदा मालकीणबाई माडीवर आल्या. जिना चढायचा त्यांना कंटाळा होता, त्यामुळे त्या वर आल्या म्हणजे काम मोठं असणार हे खालच्यांनाही कळलं. वयस्कर माणसांसाठी सपाता काढायच्या होत्या. “उशीसारखी मऊ पाहिजे आणि चिलखतासारखी राखणारी पाहिजे,” त्या म्हणाल्या. “दोन्ही एकात कसं बसवायचं ते तू बघ. त्यासाठीच तुला उंचावर बसवलंय.”

हे ऐकायला जितकं सोपं तितकं करायला अवघड. मऊपणा वाढवला की सपात पायाला धरून राहत नाही, आणि जपणूक वाढवली की तिचं खोगीर होतं. पायबघी त्या कामाला भिडली. तळ असा घेतला की ओल्या फरशीवर सरकणार नाही, पण गालिच्यात अडकणारही नाही. टाचेला मागून हलका आधार दिला. राहिला प्रश्न पुढच्या बोटांचा. घरातली करंगळी आणि टेबलाचा पाय यांचं वैर तर सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तिनं बोटांभोवती कापडाच्या दोन पदरांत रबराची जाड पट्टी फिरवली. पट्टीची दोन्ही टोकं पुढं, अंगठ्याशी जुळत होती. तिथं शिवण येणार. शिवण बाहेरून घेतली तर सपातेला नाकावर व्रण असल्यासारखं दिसायचं. तिनं ती आतून घेतली आणि दोऱ्याची गाठही आतच मारायला सांगितली. वरून सपात इतकी सुबक दिसू लागली की शिलाईवाल्या काकांनी ती हातावर धरून खालच्या सगळ्या टेबलांवरून फिरवून आणली.

नमुन्याचा जोड घालून बघायचं काम पॅकिंगमधल्या एका मुलीकडं असे, कारण तिचा पाय नेमका नमुन्याच्या मापाचा. ती शेडमधून दोन चकरा मारी, “भारी” म्हणे आणि खोकी बांधायला निघून जाई. पण म्हातारपणीच्या सपाता तरण्या पोरीच्या पायात घालून काय कळणार? पायबघीला एकदम आठवलं की सासूबाईंचं मापही तेच आहे. माप आठवलं याचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता.

सासूबाईंचं आणि तिचं वाकडं असं कधीच नव्हतं. गोडही नव्हतं. सासूबाईंची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झालेली. पलीकडचा माणूस कितीही चिडू दे, आपल्या आवाजात तक्रार आणायची नाही, हे तिथलं शिक्षण त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की निवृत्त झाल्यावरही त्या घरात तशाच बोलत. “जेवायला वाढू का?” “हो, वाढ ना.” “पंखा लावू?” “लाव, छान होईल.” त्यांना खरोखर काय हवं आहे हे कुणाला कधी कळलं नाही, आणि हळूहळू विचारणंही कमी झालं. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत गुडघ्यांवर शाल घेऊन बसत. सून कामावरून आली की “आलीस?” म्हणत. ती “आले” म्हणे. दिवसाचं बोलणं बरेचदा तेवढ्यावरच संपे.

सपाता घरी आल्या आणि हे बदललं. पायबघी संध्याकाळी आली की चहाचे दोन कप घेऊन सासूबाईंच्या खुर्चीशी खाली बसायची आणि विचारायची. चावतात का? टोचतात का? बोटांना जागा आहे का? सासूबाई नव्या डाळिंबी सपातांतले पाय जरा पुढं करायच्या, डोळे मिटून क्षणभर विचार केल्यासारखं करायच्या आणि सांगायच्या, “लोण्यासारख्या.” मग त्यावरून गोष्टी निघत. एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला उंच टाचांचे बूट टेबलाखाली काढून ठेवायच्या, आणि मैत्रिणी ते लपवायच्या. एकदा मोठे साहेब अचानक आले तेव्हा त्यांनी अनवाणी उभं राहून सलाम केला होता. सून हसायची. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या दोघी एकमेकींशी इतक्या बोलल्या नव्हत्या. नवरा छापखान्यातून थकून यायचा तर या दोघींचे कप अजून भरलेले. “काय चाललंय?” त्यानं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, “ऑफिसचं काम आहे, तुला नाही कळायचं. मी तपासनीस आहे.”

कारखान्यात पायबघी सांगे, आमच्या आईंना एकदाही चावल्या नाहीत. मालकीणबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी खोक्यावर छापायला शब्दही ठरवून टाकले: ‘घरच्या आजींची पसंती.’

सासूबाईंना साखरेचा आजार होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे चहात साखर घालायची नाही आणि सकाळची गोळी चुकवायची नाही इतपत माहीत होतं.

मध्येच एकदा, जोड कितपत झिजला ते बघायला म्हणून, तिनं तो कारखान्यात नेला आणि डाव्या पायाची सपात उसवली. आतलं अस्तर फिकट बदामी रंगाचं होतं. अंगठ्याच्या जागी, गाठीच्या भोवती, त्यावर एक डाग होता. तांबूस तपकिरी, कडेला जरा काळपट. तिनं तो एकदाच पाहिला आणि तिला कळलं काय झालंय ते. म्हणजे तिला तसं वाटलं. इतकी वर्षं कापडात घालवलेल्या माणसाला डाग दिसला की पहिला संशय रंगाचा येतो. वरचं डाळिंबी कापड रंग सोडत होतं.

तिनं कापडवाल्याला फोन लावला आणि त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, “बाई, माझा रंग सुटायचा असेल तर आधी कापड विरावं लागेल. कापडावर ओला पांढरा फडका घासून बघा.” तिनं घासून पाहिला. फडका पांढरा राहिला. तरी तिनं मान्य केलं नाही. पाण्यानं सुटत नसेल, घामानं सुटत असेल, म्हणाली. कापडवाला म्हणाला, बरं, तुमचंच खरं. गिऱ्हाईकाशी वाद घालून कुणी मोठं झालंय का?

पांढरा फडका तिच्या हातात होता. पुढं ती मनानं कितीतरी वेळा त्या फडक्यापाशी परत परत आली. तेव्हा मात्र तिला तो धुवायला टाकण्यापलीकडं काही सुचलं नाही.

आणि मग तिनं उपाय काढला. कापड बदलायचं तर सगळी कापणी वाया. त्यापेक्षा अस्तरच गडद घेतलं तर? कॉफीच्या रंगाचं. डाग पडला तरी दिसणार नाही, मळखाऊपणाही येईल. मालकीणबाई म्हणाल्या, “डोकं आहे बाई तुला.” ही हकिगत तिनं त्या संध्याकाळी सासूबाईंनाही सांगितली, चहा पिता पिता, विजयाची गोष्ट सांगावी तशी. आधी डाग कसा सापडला, मग कापडवाल्याला कसं गप्प केलं, मग कॉफी रंग. सासूबाईंनी पाय हळूच खुर्चीखाली घेतले. “चांगलं केलंस,” त्या म्हणाल्या.

गडद अस्तराचा जोड तयार होऊन घरी आला तो सुट्टीचा दिवस होता. सासूबाईंना आदल्या दिवसापासून बारीक ताप होता, पण सकाळी त्या खुर्चीत येऊन बसल्या होत्या. छापखान्याला सुट्टी नव्हती, नवरा तिकडं गेलेला. पायबघी त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसली आणि तिनं उजवी सपात चढवली. डावी जाईना. पाय जरा सुजलाय, बसून बसून असेल, असं ती म्हणाली. एका हातानं टाच धरली, दुसऱ्या हाताचं बोट अंगठ्याखाली घालून पाय आत सरकवायला लागली.

“बोटं जरा सरळ करा, आई. चावतंय का?”

“छे ग. लोण्यासारख्या.”

आणि ते म्हणत असताना सुनेचं बोट ओल्या, उघड्या मांसात होतं.

तिनं हात काढला. बोट तांबूस झालं होतं. कडेला जरा काळपट. हा रंग तिच्या ओळखीचा होता. तिनं पाय उचलून उजेडाकडं केला. अंगठ्याच्या टोकाखाली, वरून पाहिलं तर कधीच दिसलं नसतं अशा जागी, खोल जखम होती. वाटाण्याएवढी. गाठीएवढी म्हणायला हवं. तिनं वर पाहिलं. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि त्यांच्या तोंडावर दुखण्याचं एकही चिन्ह नव्हतं.

“आई, दुखत नाही?”

“काय ग?” त्या म्हणाल्या. “घातलीस का? छान झालीये.”

हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक बारीक ब्रश सासूबाईंच्या तळव्यावर फिरवला आणि कुठं लागतंय ते डोळे मिटून सांगायला लावलं. सासूबाईंनी फार विश्वासानं सांगितलं. प्रत्येक वेळी चुकीचं. डॉक्टर ब्रश उचलून धरीत तेव्हाही त्या “हो, आता लागतोय” म्हणत. साखरेनं पायाची जाणीव गेली होती. आज नाही, बऱ्याच काळापूर्वी. जखम हाडापर्यंत गेली असावी असं डॉक्टरांना वाटत होतं. औषध चालू करू, चार दिवस बघू, अंगठा वाचला तर वाचला, म्हणाले.

“घरात कुणी यांचे पाय बघत नाही का?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असे प्रश्न ते रोज विचारत असणार.

छापखान्यातून धावत आलेला नवरा म्हणाला, “अहो, ही तर पायांचंच काम करते.” तो खरंच गोंधळला होता, टोमणा मारायचा त्याचा स्वभावच नव्हता. पण ते वाक्य त्या खोलीत पडलं ते पडलंच. पायबघीचे कान तापले. तिनं नजर खाली नेली, तर तिथं डॉक्टरांचे बूट, नवऱ्याच्या चपला, आणि खाटेच्या कडेला तो उघडा पाय. तिनं मान वर केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली.

त्याहून वाईट पुढं होतं. मलमपट्टी करायला आलेल्या नर्सनं सहज विचारलं, घरात पायात काय घालता. सासूबाईंचा चेहरा उजळला. “माझी सून सपाता करते,” त्या म्हणाल्या. “मी तिची तपासनीस. माझ्या पसंतीशिवाय बाजारात जात नाहीत. दाखव ग, पिशवीत असतील.” पिशवीत नव्हत्या, असं सून म्हणाली. होत्या. टॉवेलाखाली, तळाशी. सासूबाईंनी स्वतःच हात घालून काढल्या आणि नर्सच्या हातात दिल्या, जशी कुणी नातवाची बक्षिसाची ढाल दाखवावी. नर्सनं कौतुक केलं, सवयीनं हात आत घातला, आणि तिचं बोट एका जागी थांबलं. सपात खाली ठेवून ती कापूस घ्यायला वळली. “लोण्यासारख्या आहेत की नाही?” सासूबाईंनी विचारलं. “हो आजी,” ती पाठमोरीच म्हणाली.

पुढचे दिवस पायबघी हॉस्पिटल, घर आणि कारखाना या फेऱ्यांत होती. कारखान्यात चौकशी झाली तर तिनं सांगितलं, नखाला लागलंय, चिघळलंय. ते सांगताना ती समोरच्याच्या तोंडाकडं बघायची. आता ती सगळ्यांच्या तोंडाकडंच बघायची. पॅकिंगमधली मुलगी म्हणाली, “बाई, आज मला वरून ओळखलंत, काय झालं?” आणि सगळे हसले. तीही हसली. मग माडीवर जाऊन तिनं साच्यांच्या फळीकडं पाठ करून खुर्ची मांडली.

खाली खोकी येऊन पडली होती. प्रत्येकावर ‘घरच्या आजींची पसंती’. पहिला माल वृद्धांच्या देखभालीच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत जाणार होता. तिनं एक खोकं उघडलं, सपात काढली, हात आत घातला. गाठ तिथंच होती. काकांनी सांगितल्याबरहुकूम मारलेली, नेमकी, घट्ट. भोवती कॉफी रंगाचं अस्तर. त्यावर कुणाचं काहीही सांडलं तरी दिसणार नव्हतं. ती तशीच उभी राहिली. सासूबाईंच्या ओठांवर असलेला शब्द आणि तिच्या बोटाला लागलेली गाठ, दोन्ही तिच्या मनात एकदम आले आणि तिला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं.

मालकीणबाईंना तिनं सगळं सांगितलं. नख नाही, सपात. रंग सुटला नव्हता, रक्त होतं. आणि तो डाग झाकायचा शहाणपणा तिचाच.

मालकीणबाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी आधी तिला पाणी दिलं. मग बराच वेळ हातातल्या झाकणाशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या की घरातलं घरात राहू दे. बाकीच्यांचे पाय काही असे बधिर नसतात. ज्याला गाठ लागेल तो दुकानात येऊन बोंब मारेल, आपण बदलून देऊ.

“ज्याला लागतं तो बोलतो,” पायबघी म्हणाली. “ज्याला लागत नाही, त्याचं काय? त्यांच्यासाठीच ना या काढल्या?”

“तू मला शिकवू नकोस आता,” मालकीणबाई म्हणाल्या. ते बरोबरच होतं. शिकवायचा हक्क तिला उरला नव्हता, हे तिलाही मान्य होतं. ती खाली मान घालून बसून राहिली, उठलीही नाही. अखेर मालकीणबाईच उठल्या, कठड्याशी गेल्या आणि दोन मजले ऐकू जाईल अशा आवाजात खाली सांगितलं की खोकी फोडा. का, ते कुणाला सांगितलं नाही. पण शिलाईवाले काका टाके उसवायला बसले तेव्हा त्यांचाही हात आत गेलाच असणार. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलताना जरा जास्तच अदबीनं बोलू लागले. तिला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

अंगठा पूर्ण वाचला नाही. वरचं पेर काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी नवरा औषधं आणायला गेला असताना ती सासूबाईंच्या खाटेशी बसली होती. सांगायचं ठरवून आली होती आणि शब्द जुळत नव्हते. शेवटी तिनं पिशवीतून सपात काढली, सासूबाईंचा हात धरला आणि त्यांची बोटं आत घातली. हाताला अजून जाणीव होती. सासूबाईंनी गाठ चाचपली. पुन्हा चाचपली.

“हे होतं होय,” त्या म्हणाल्या.

“माझ्यामुळं झालं, आई. मी काढली ती शिवण. डागही पाहिला होता मी. रंग म्हणाले.”

सासूबाईंनी सवयीनं मान वळवली. खिडकीकडं बघू लागल्या. पण तिथं खिडकी नव्हती, पडदा होता. मग त्यांनी जे सांगितलं ते एक्स्चेंजच्या आवाजात नव्हतं. आवाज जाडा होता, अडखळत होता, आणि सुनेला तो जवळजवळ परका वाटला.

“मलाही दिसलं होतं,” त्या म्हणाल्या. “चादरीवर. मी धुऊन टाकली. तू रंगाचं सांगितलंस तेव्हा बरं वाटलं मला. म्हटलं रंगच असेल.”

“पण दुखत नव्हतं तर तसं सांगायचं ना.”

“दुखत नाही हेच तर सांगत होते की रोज.” त्या थोडं हसल्या, मग हसू विरलं. “मला काहीच कळत नव्हतं ग पायातलं. मऊ नाही, कडक नाही. आहेत की नाहीत तेही खाली बघितल्यावर कळायचं. पण तू रोज येऊन बसायचीस. मला कळत नाही म्हटलं असतं, तर दुसरी कुणाची तरी खुर्ची शोधली असतीस.”

नाही, तसं केलं नसतं, असं म्हणायला सुनेनं तोंड उघडलं. पण तिनं तेच केलं असतं. तपासनीस कुचकामी निघाला असता तर ती हळहळली असती, मग कुणाची तरी आजी शोधली असती, त्याच मापाची, आणि चहाचे दोन कप तिकडं गेले असते. हे दोघींनाही ठाऊक होतं. तिनं सासूबाईंचा हात सोडला नाही. दोघीही एकमेकींकडं बघत नव्हत्या. नवरा औषधं घेऊन आला आणि त्याला वाटलं दोघींचं काहीतरी बिनसलंय.

पुढं नव्या सपाता आल्या, बऱ्याच उशिरानं. रबराची पट्टी तशीच आहे, पण तिची टोकं आता मागं टाचेकडं जुळतात, आणि शिवण बाहेरून आहे. दिसायला ओबडधोबड, कपड्याची आतली बाजू बाहेर यावी तशी. आणि अस्तर पांढरं. अगदी पांढरं, डॉक्टरांच्या कोटासारखं. मालकीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या की हे आठवड्यात मळेल, लोक तक्रार करतील. लोक करतातही. दुकानदार विचारतात, हा कुणाचा शहाणपणा. मालकीणबाई माडीकडं बोट दाखवतात. पायबघी खाली येऊन सांगते की रोज रात्री काढताना आत बघा, पांढऱ्यावर काही दिसलं तर पाय बघा. कोण म्हणालं, कसं कळलं, एवढं कुणी खोदून विचारत नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की नाही, तिलाही खात्री नाही. खोक्यावर आता कुणाची पसंती छापलेली नाही.

सासूबाईंच्या डाव्या सपातेत पुढं रिकाम्या जागी कापसाची एक मऊ गुंडाळी असते. ती गुंडाळी पायबघी घरीच करते, कारखान्यात करायला लाजते. संध्याकाळी ती अजूनही दोन कप घेऊन खुर्चीशी बसते. आधी दोन्ही सपाता काढते, एकेकीत हात घालून चाचपते, अस्तर उजेडाकडं धरते, मग एकेक पाय मांडीवर घेते आणि बोटांच्या मधूनसुद्धा बघते. सासूबाईंना ते अवघड वाटतं. सुरुवातीला त्या शाल पुढं ओढून पाय झाकू बघायच्या. आपले पाय कुणी हातात घ्यावेत इतक्या आपण म्हाताऱ्या झालो, याची लाज. आणि सून प्रत्येक वेळी त्या तोकड्या अंगठ्याशी आली की तिचा हात जरा थबकतो, ती तिची लाज. त्यावर त्या बोलत नाहीत. छापखान्यातल्या, एक्स्चेंजमधल्या, शेजाऱ्यांच्या गोष्टी बोलतात.

परवा दिवसभराच्या दगदगीनं पायबघी थकून बसली होती. सपाता काढायच्या आधीच तिच्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, “चावतात का हो, आई?” आणि मग तिचं तिलाच कळलं. ती कप धरून तशीच बसून राहिली, मान वर करवेना.

सासूबाईंनी शाल बाजूला केली आणि डावा पाय पुढं केला.

“मला काय विचारतेस?” त्या म्हणाल्या. “बघ.”